काच दोन बोटं

१

आमच्या फियाटच्या मागच्या डाव्या दाराची काच कायम दोन बोटं उघडी असायची. पावसाळ्यात तिथून पाणी आत यायचं, म्हणून सीटच्या त्या बाजूवर प्लास्टिक अंथरलेलं असायचं. काच मात्र कोणी वर घ्यायचं नाही. प्लास्टिकवर बाबांची खाकी कापडी पिशवी असायची. आई मागे उजवीकडे बसायची, मी पुढे बाबांच्या शेजारी. पिशवीच्या जागी बसावं असं मला कधी वाटलं नाही आणि कोणी बसवलंही नाही. प्रत्येक घरात अशा सवयी असतात. घरातल्यांना त्या सवयी वाटतच नाहीत.

परदेशात, गोथेनबर्गला मी दोन वर्षं आवाज शिकले. तो कुठून निघतो, कशातून जातो, कशाने थांबतो. परत आले तेव्हा माझ्याकडे आवाज मोजायचं एक यंत्र होतं, लांबून तापमान मोजायची एक छोटी बंदूक होती आणि एक पक्कं मत होतं. शांतता ही श्रीमंतांची चैन नाही, पिण्याच्या पाण्यासारखी ती सगळ्यांना मिळायला हवी. पहिल्याच महिन्यात मी एका शाळेच्या फाटकाशी आठवडाभर उभी राहून हॉर्न मोजले, तक्ते केले आणि नगरपालिकेत हॉर्नबंदीसाठी अर्ज दिला. अर्ज घेणाऱ्या बाईंनी तो उलटसुलट करून बघितला.

"तिकडे नोकरी नाही का गो मिळाली?" त्यांनी काळजीने विचारलं.

खरं तर मी आईसाठी आले होते. वर्षापूर्वी ती मेंदूच्या तापातून उठली. तेव्हापासून मोठा आवाज आणि उष्णता एकत्र आली की तिला झटके यायचे. "आणखी एखादा मोठा झटका आला तर सांगता येत नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. आठ महिने ती घराबाहेर पडली नव्हती. तिला एकदा हेदवीला जायचं होतं. तिथे तिचं माहेर, दशभुज गणपती, आणि आता अंथरुणाला खिळलेली काशीमावशी. चुलतभाऊ गुरुप्रसाद त्याची नवी कोरी एसी गाडी घेऊन आला. आई आत बसली आणि गल्लीच्या टोकालाच तिने गाडी थांबवायला लावली.

"काय झालं, आई?"

"एकटं वाटतं गो ह्यात," ती म्हणाली आणि उतरून चालत घरी आली.

तिला आमचीच गाडी हवी होती. मी त्या गाडीत यंत्र ठेवून समुद्राकाठच्या आरे-वारेच्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाने फेरी मारली. त्र्याऐंशी डेसिबल. छताखाली एक्कावन्न अंश. त्या दिवशी संध्याकाळी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: साठ डेसिबल, तीस अंश, हेदवी.

२

भिकाजी मिरकरवाड्याच्या रस्त्यावर गाद्या शिवतो. रिक्षांच्या सीटा, ट्रॉलरच्या केबिनमधली बाकं, कधी एखादा सोफा. बाबांच्या हाताखाली तो नववीपर्यंत विज्ञान शिकला होता, म्हणजे विज्ञानात दोनदा नापास झाला होता. अजूनही बाबांना बघितलं की तो विडी पाठीमागे लपवायचा.

आम्ही अंगणात फणसाखाली गाडी उभी केली आणि आतून सोलायला घेतली. सीटा, दारांची पॅनेलं, छताचं कापड, रबरी पायपुसणी, सगळं बाहेर काढलं. उघड्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारली की घंटेसारखा आवाज यायचा. मी भिकाजीला समजावून सांगितलं. आधी डांबराची शीट, म्हणजे पत्रा थरथरणार नाही. त्यावर फेल्टचं जाड कापड, म्हणजे आवाज अडेल. छताला आणि इंजिनाच्या बाजूला चंदेरी कागदाचा फोम, म्हणजे ऊन परत फिरेल. शेवटी दारांना नवीन रबरी बीडिंग, म्हणजे कुठेही फट राहणार नाही.

"म्हंजे गोदडी घालायची गाडीला," भिकाजी म्हणाला.

"हो, तसंच."

"मंग तसा सांगा ना, ताय. येवढा विलायतेला जाऊन गोदडी शिकून आलांव."

मागच्या डाव्या सीटच्या पायाशी पत्र्यावर आधीचाच एक थर होता. नारळाचा काथ्या, डांबरात बुडवून चिकटवलेला, दगडासारखा घट्ट. बाकीच्या गाडीतही काथ्याचे तंतू जागोजाग डांबराला चिकटलेले होते. म्हणजे कोणीतरी पूर्वी सगळीकडे तो लावला होता आणि नंतर ओरबाडून काढला होता. फक्त त्या कोपऱ्यातला राहिला होता.

"कुणाचं काम हे?"

भिकाजीने हातोडीने टोकून बघितलं. "शिकल्याल्या मानसाचा. गाद्यावाला येवढा डांबर घालनार नाय. ऱ्हावंदे, वरनंच शीट मारू."

आम्ही वरून शीट मारली.

मग तो झाडाखाली मागची सीट उलटी करून बसला. कापड फाडलं, स्प्रिंगा मोकळ्या केल्या आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"डावीकडं कोन बसता?"

"कोणी नाही. तिथे बाबांची पिशवी असते."

"पिशवीत काय, जांभा दगड?"

मी जवळ जाऊन बघितलं. उजवीकडच्या, आईच्या बाजूच्या स्प्रिंगा थोड्या बसल्या होत्या. डावीकडच्या तीन ओळी पार दबून लाकडाला टेकल्या होत्या. मी म्हटलं, गंज असेल, त्या बाजूने पाणी यायचं. भिकाजीने एका स्प्रिंगेवरून अंगठा फिरवला आणि मला दाखवला. अंगठा स्वच्छ होता.

३

काम तीन आठवडे चाललं. प्रत्येक थरानंतर मी तोच रस्ता, तोच वेग, तीच वेळ धरून माप घेत होते. त्र्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर झाले. मग त्र्याहत्तर. या कामात एक गंमत असते. वर्गात ती पहिल्याच दिवशी सांगतात. एक आवाज काढला की त्याच्या मागे उभा असलेला दुसरा ऐकू येतो. टायरची घरघर गेल्यावर मला गिअरची शीळ ऐकू आली. ती कमी केल्यावर पुढच्या खणातल्या नाण्याची किणकिण. ती काढल्यावर मागच्या डाव्या काचेच्या हँडलची खडखड. इतकी वर्षं ही सगळी मंडळी गाडीत होती आणि एकमेकांच्या आड लपली होती. मला त्याचा आनंद होत होता. आपण रांगेतल्या एकेकाला नाव विचारून बाहेर पाठवतोय असं वाटत होतं.

उष्णतेचंही तसंच. सकाळी सात वाजता, गाडी रात्रभर बंद असताना, मी बंदुकीने आतल्या चाळीस जागा मोजत असे. छत चोवीस, पत्रा तेवीस, पुढची सीट चोवीस. मागची सीट उजवीकडे चोवीस.

डावीकडे छत्तीस पूर्णांक आठ.

मी बॅटरी बदलली. बंदूक माझ्या तळहातावर, विहिरीच्या पाण्यावर, फणसाच्या खोडावर धरून बघितली. ती बरोबर होती. सीट काढून अंगणात ठेवली तर तासाभरात ती चोवीसवर आली. परत गाडीत बसवली, दुपारचं जेवण करून आले, पुन्हा छत्तीस पूर्णांक आठ. मी त्या सीटखाली चंदेरी फोमचा दुहेरी थर घातला. उष्णता खालून येत असती तर तो पुरला असता.

भिकाजीला काही न सांगता मी म्हटलं, "जरा इथे हात लाव."

त्याने हात लावला आणि लगेच काढून घेतला. लुंगीला पुसला.

"आत्ताच उटून ग्येल्यासारी हाय," तो म्हणाला. मग हसला, पण एकटाच. "ताय, त्या काचंचा काय करनार?"

"बंद करणार. सगळ्यात जास्त आवाज तिथूनच येतो. नवीन बीडिंग बसवू, आणि ते हँडल काढून टाकू, नुसतं खडखडतं."

"सरांनी मना क्येल्लानी. मागं एकदा कापड बदलाया ग्येलो, तवा. म्हनले, भिकाजी, सगळ्याला हात लाव, त्या काचंला नको."

"का?"

"आता सरांना 'का' कोन इचारनार वो? 'का' इचारला म्हनून तर नापास झालो."

बीडिंग शेवटी मी बसवलं. हँडलचा स्क्रूही मीच काढला.

४

काच बंद झाल्यावर पहिल्यांदा साठच्या खाली आकडा आला. अठ्ठावन्न. मी आरे-वारेच्या वळणावर, खाली दोन्ही किनारे दिसतात तिथे, गाडी उभी करून एकटीच टाळ्या वाजवल्या. टाळीचा आवाजसुद्धा गाडीत लगेच विरला.

मग मी इंजिन बंद केलं, आणि मला तो ऐकू आला.

अगदी बारीक. आधी वाटलं बाहेरच्या लाटा. पण लाटांना असा ठोका नसतो. आत ओढल्यासारखा एक आवाज, छोटी विश्रांती, सोडल्यासारखा दुसरा. मी माझा श्वास रोखला. आवाज चालू राहिला. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला पंधरा.

घरी येईपर्यंत मी कारणं शोधली होती. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, त्यातून वारा. थंड होणारा सायलेन्सर. आकसणारं नवीन रबर. माझ्याच कानातलं रक्त. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती भोकं चिकटपट्टीने बुजवली, गाडी फणसाखाली सावलीत उभी केली, आत रेकॉर्डर ठेवला, दारं लावली आणि घरात जाऊन जेवले. वारा पडला होता. शेजारच्या बागेत आंबे उतरवणारे गडीसुद्धा झोपले होते.

संगणकावर मी ते दोन तास उघडले. पंधरा. पहिल्या मिनिटाला पंधरा, साठाव्याला पंधरा, शेवटच्याला पंधरा. सायलेन्सर थंड होत जातो, रबर आकसत आकसत थांबतं, वारा बदलतो. हे काहीच बदलत नव्हतं.

मी हेडफोन लावून बराच वेळ ऐकत बसले. आईने येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले.

"कसलं गाणं ऐकतेस गो?"

"गाणं नाही. का?"

"कधीची बघत्ये. एका लयीत श्वास चाललाय तुझा, झोपल्यासारखा."

मी हेडफोन काढले. वहीत त्या आवाजाला नाव द्यायचं होतं. 'उर्वरित' असं लिहिलं. बाबांना सांगावं असं मनात आलं. पण बाबांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं, कारण सापडलं नाही तर माप पुन्हा घ्या. म्हणून मी पुन्हा माप घ्यायचं ठरवलं आणि हेदवीची तारीख पक्की केली.

५

सकाळी निघताना बाबा गाडीभोवती फिरले. दार उघडून बंद केलं. आधी पत्र्याचा डबा आपटल्यासारखा आवाज यायचा, आता कपाट लावल्यासारखा आला. ते हसले. मग मागच्या डाव्या दाराशी गेले आणि तिथेच थांबले.

"हँडल कुठाय?"

"काढलं. खडखडत होतं."

"काच वर का आहे?"

"बाबा, तिथून बारा डेसिबल येत होते. आणि गरम वारा. आईला तेच तर टाळायचंय ना?"

"दोन बोटं खाली घे."

"हँडलच नाही. आणि का घेऊ, ते सांगा. एक कारण सांगा, आत्ता काढते बीडिंग."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते काहीतरी सांगतील असं मला वाटलं. तेवढ्यात आई नवी इरकल नेसून पायऱ्या उतरली. गुरुप्रसादच्या गाडीनंतर पहिल्यांदाच तिने चपला घातल्या होत्या. ती आत बसली, दार लावलं, आणि तिच्या कपाळावरची कायमची आठी हळूहळू सुटली.

"अहो, किती शांत," ती म्हणाली. "देवघरात बसल्यासारखं."

बाबा गाडी चालवायला बसले. खाकी पिशवी त्यांनी सवयीने डावीकडे ठेवली होती. आईने ती उचलून पायाशी ठेवली.

जयगडपर्यंत सगळं छान झालं. शेवटच्या आठवड्यात मी डॅशबोर्डखाली बसवून घेतलेला छोटा एसी घुमत होता. आई गणपतीचं काहीतरी पुटपुटत होती, मग बाहेर बघत होती. मी यंत्र मांडीवर घेऊन पुढे बसले होते. सत्तावन्न, अठ्ठावन्न. इतका स्वच्छ आकडा मी प्रयोगशाळेबाहेर बघितला नव्हता. मला भाषणं सुचत होती. ॲम्ब्युलन्स अशा करता येतील, एसटी अशा करता येतील.

जेटीवर गाड्या खाडीपलीकडे नेणारी फेरीबोट नुकतीच सुटली होती. शिट्टीवाल्याने हात केला. "पंधरा-वीस मिंटं हायत. गाडी बंद करा."

बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, एसी थांबला. यंत्रावरचा आकडा उतरत गेला. चाळीस. पस्तीस. एकोणतीस.

बाहेर मासे घेऊन बसलेल्या दोघी भांडत होत्या. त्यांची तोंडं हलत होती, ऐकू काहीच येत नव्हतं.

मग मागून तो आला. आत. विश्रांती. बाहेर.

मला वाटलं आई झोपली. मी वळून बघितलं. आई जागी होती. ती आपल्या डावीकडे बघत होती, बाळ झोपलं की आया बघतात तशी. माझी चाहूल लागल्यावर तिने न वळता बोट ओठांवर ठेवलं.

तिची छाती हलत होती. परत आल्यापासून मी रोज तिचे श्वास लिहून ठेवायचे. मिनिटाला एकोणीस, कधी वीस. आत्ता मी मोजायची गरज नव्हती. ती त्या आवाजाबरोबर चालली होती. बाबांचे खांदेही. मग माझ्या लक्षात आलं, मीही.

आत. विश्रांती. बाहेर.

आत. विश्रांती.

पुढचं आलं नाही.

मी वाट बघितली. मला घुसमटल्यासारखं झालं नाही, भीतीही वाटली नाही. फक्त पुढे काय करायचं असतं ते आठवेना. समोर खाडीचं पाणी चमकत होतं. आईचे ओठ निळसर होत होते आणि तिच्या चेहऱ्यावर शांत, तृप्त भाव होता. यंत्रावर सव्वीस आला. मग पंचवीस. इतका कमी आकडा तिथे येणं शक्य नाही, एवढा एक विचार मी केल्याचं आठवतं.

बाबा पुढे कलंडले आणि त्यांची छाती हॉर्नवर पडली.

६

ते मुद्दाम कलंडले की तसेच, हे मी त्यांना विचारलेलं नाही. हॉर्न वाजत राहिला. मासेवाल्या उठून आल्या. "काय वो, झोपलांव काय? काय झाला?" त्यातल्या एकीने बाहेरून बाबांचं दार उघडलं, आणि सगळं आत घुसलं. ऊन, माशांचा वास, हॉर्न, कावळे, बायकांची बडबड. मी मोठ्याने श्वास घेतला. मागे आई खोकत होती.

मी तिच्याकडे धावले. एवढा आवाज, एवढं ऊन. आता झटका येणार म्हणून मी तिचं डोकं धरलं. झटका आला नाही. तिने माझा हात बाजूला केला. ती रागावली होती.

"आत्ता कुठे डोळा लागला होता," ती म्हणाली.

कोणाचा, ते आम्ही विचारलं नाही.

फेरीबोट आली आणि आमच्याशिवाय गेली. आम्ही चारही दारांच्या जेवढ्या उघडतील तेवढ्या काचा उघड्या टाकून परत फिरलो. काशीमावशीला फोन करून सांगितलं, गाडी बिघडली.

७

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबांनी सगळं उपटायला घेतलं. फेल्ट, फोम, बीडिंग. बाबा खुरप्याने डांबर खरवडत होते. तीन आठवड्यांचं काम दुपारपर्यंत अंगणात ढिगाने पडलं. मागच्या डाव्या सीटच्या पायाशी मी पहारीने नवी शीट काढली आणि तिच्याबरोबर जुना काथ्याही सुटून आला.

खाली पत्र्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं. बाबांचं अक्षर, फळ्यावरचं, प्रत्येक रेघ सरळ.

मे ९९. काथ्या पूर्ण. गाडी शांत. मनूला झोप लागते.
श्वास — १५, १५, १५.
मनू — १५.

त्याखाली जरा जागा सोडून:

काथ्या काढला. काच दोन बोटं. आवाज झाकतो.
मनू — ४०.

मे ९९मध्ये मी दोन महिन्यांची होते. तेवढं बाळ मिनिटाला चाळीसेक श्वास घेतं. पंधरा घेत नाही.

बाबा खुरपं खाली ठेवून पायरीवर बसले.

"तू गाडीत फार रडायचीस," ते म्हणाले. "गरम व्हायचं, आवाज व्हायचा. म्हणून मीच केलं होतं ते. काढल्यावर हे सगळं लिहिलं आणि वर तेवढा एक तुकडा परत चिकटवला."

"कोण आहे ते?"

"माहीत नाही. गाडी जुनीच घेतली होती. मी शोधलं नाही. झाकता येतंय म्हटल्यावर म्हटलं, झाकू."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो गो? तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. आणि पंचवीस वर्षं ऐकलं नव्हतं. वाटलं, संपलं असेल."

"मग विकली का नाही?"

"घेणाऱ्याच्या घरीही लहान मूल असतंच," बाबा म्हणाले.

त्यांनी खिशातून हँडल काढलं. मी ते टाकून दिलं होतं, त्यांनी कचऱ्यातून उचललं होतं. स्वतः बसवलं, काच खाली घेतली आणि बोटं आडवी लावून फट मोजली.

आई त्या दिवसापासून बरी आहे. डॉक्टर खूश आहेत. मिक्सर, फटाके, शेजारच्या लग्नातला बँड, तिला कशानेही काही होत नाही. फक्त दुपारी सगळीकडे निजानीज झाली आणि वीज गेली, की ती डोळे उघडे ठेवून पडते, आणि मी मोजते. पंधरा. पंखा सुरू झाला की एकोणीस. म्हणून आमच्याकडे आता पंखा चोवीस तास चालतो. स्वयंपाकघरात रेडिओ, पडवीत दुसरा रेडिओ. अर्ज घेणाऱ्या बाई परवा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, तुझ्या अर्जावर विचार चाललाय. मी म्हटलं, राहू दे.

८

काल गल्लीच्या ग्रुपवर निरोप आला होता. दुरुस्तीसाठी आज सकाळी नऊ ते पाच वीज बंद. बाबांनी रेडिओचे सेल आणले, पण एकच रेडिओ चालला, दुसरा सेलवर लागेना. आठ तास. पावणेनऊला बाबा म्हणाले, "गाडी काढ. फिरत राहू."

त्या गाडीत पुन्हा बसायची माझी इच्छा नव्हती. पण हिशोब सरळ होता. आमच्या घरात त्या गाडीइतकं गोंगाटाचं दुसरं काही उरलं नव्हतं. आत आता फक्त पत्रा आहे. मी चालवायला बसले, बाबा शेजारी. आई आनंदाने मागे उजवीकडे बसली. डावीकडची पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली.

आरे-वारेच्या रस्त्याला लागेपर्यंत घाम फुटला होता. पत्रा ठणठणत होता, गिअर किंचाळत होता, मागच्या फटीतून वारा घोंघावत होता. बाबांच्या मांडीवर यंत्र होतं. चौऱ्याऐंशी. मला रडू येईल इतकं हायसं वाटलं. मी वेग वाढवला. पंच्याऐंशी.

"मनू," आई मागून म्हणाली. ओरडली नाही. तरी ऐकू आलं.

"काय गं?"

"काच लाव गो ती. त्याला आपलं ऐकू येत नाहीये."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी समोर बघत दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबले.

"नाही, आई," मी म्हटलं. "उघडी राहू दे."

आम्ही चढ चढलो. खाली दोन्ही किनारे दिसायला लागले. मग मागच्या वाऱ्याचा सूर हळूहळू बारीक व्हायला लागला. घोंघावणं, मग शीळ, मग त्याहून बारीक शीळ. फट एक बोट झाल्यावर असा सूर लागतो, मला माहीत आहे. पाठोपाठ हँडलची ओळखीची खडखड. ब्याऐंशी. एकोणऐंशी. शहात्तर.

मी वर आरशात बघितलं. आईचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते.